माळ्यावरचं लग्न

आत्याचं लग्न १९९१ सालचं. त्याची व्हिडिओ कॅसेट डोंबिवलीच्या आमच्या घरात माळ्यावर अठरा वर्षं पडून होती. तिला बुरशी लागायच्या आत मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तासाभराच्या लग्नाची फाइल झाली तेरा जीबीची. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, टीव्ही हॉलमध्ये, आणि लग्न बघायला आई, खुद्द आत्या आणि शेजारच्या काकू सोफ्यावर बसून तयार.

टीव्हीखाली धाकट्या भावाने खेळायला आणलेला प्लेस्टेशन ३ होता. पेन ड्राइव्हवरून लावू म्हटलं, तर हा कन्सोल फक्त ‘फॅट-३२’ या जुन्या मांडणीचा ड्राइव्ह वाचतो आणि त्या मांडणीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. तेरा जीबीचं लग्न त्यात मावेना. मग कुणीतरी सुचवलेला ‘पीएस३ मीडिया सर्व्हर’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आतल्या कॉम्प्युटरवर चालू केला. त्या कॉम्प्युटरचं नाव मी ‘माळा’ ठेवलं होतं, कारण घरातलं जे काही टाकवत नाही ते सगळं त्याच्यातच जाऊन पडे. हॉलमध्ये येऊन कन्सोलचा मेन्यू उघडला, तर व्हिडिओच्या रकान्यात रोमन अक्षरांत ‘माळा’ हजर.

मी उभाच राहिलो. कन्सोलला मी कॉम्प्युटरचा पत्ता दिला नव्हता, कॉम्प्युटरला कन्सोलचा दिला नव्हता. कुठला आकडा टाकला नव्हता, की कुठली वायर एकातून दुसऱ्यात नेली नव्हती. मग यांची ओळख कुणी करून दिली?

कुणीच नाही. त्यांनी हाका मारल्या.

घरातल्या नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, आणि एरवी निरोप धाडायचा तर समोरच्याचा पत्ता ठाऊक असावा लागतो. पण २३९.२५५.२५५.२५० हा पत्ता कुठल्याच यंत्राचा नाही. तो चाळीच्या चौकासारखा आहे. चौकात कुणी राहत नाही, पण तिथे उभं राहून दिलेली हाक ज्या बिऱ्हाडांचे कान तिकडे लागलेले असतात त्या सगळ्यांना ऐकू जाते. कन्सोल चालू झाला की या पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या दारावर, एक छोटा मजकूर टाकतो. त्याचा मराठीत अर्थ इतकाच : चित्रं-गाणी-सिनेमे देणारं कुणी आहे का घरात? हा मजकूर पोस्टकार्डासारखा. पोचला की नाही याची पावती मिळत नाही, म्हणून तोच निरोप दोन-तीनदा टाकायची पद्धत आहे.

या हाकेत एक आकडा असतो, आणि तो वाचल्यापासून हे नियम लिहिणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. आकडा सांगतो : उत्तर द्यायच्या आधी जास्तीत जास्त इतके सेकंद थांबा. प्रत्येक यंत्राने त्या मर्यादेत आपल्या मनाने एखादा क्षण निवडायचा आणि तेव्हाच बोलायचं, म्हणजे सगळी एकदम बोलून गलका होत नाही. हाऊसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत हे कधी जमलेलं मी पाहिलेलं नाही.

उत्तरात सर्व्हर आपली सगळी माहिती देत नाही. ती कुठे मिळेल तेवढा पत्ता देतो. कन्सोल तिथे जाऊन माहितीपत्रक वाचतो : नाव, बनावट, चिन्हाचं चित्र, आणि कोणकोणती कामं येतात. मग तो विचारतो, शून्य क्रमांकाच्या कप्प्यात काय आहे? प्रत्येक सर्व्हरचा सर्वांत बाहेरचा कप्पा शून्यच असतो, हे आधीच ठरलेलं आहे. त्यातून फोटो, गाणी, व्हिडिओ असे कप्पे मिळतात, त्यांच्या आत आणखी कप्पे. माळ्यावर चढून एकेक ट्रंक उघडत जावं तसं. शेवटी ‘आत्या लग्न’ नावाची ओळ हाती लागते आणि तिच्यासोबत एक साधा वेबपत्ता. त्यापुढे कन्सोल जे करतो ते कुठल्याही ब्राउझरने वेबपान मागवण्यासारखंच आहे. सिनेमा हे एक फार लांबलचक वेबपान, इतकंच.

या सगळ्या शिष्टाचाराचं नाव यूपीएनपी. १९९९ मध्ये त्यासाठी कंपन्यांचा एक मंच उभा राहिला. २००३ मध्ये सोनी, इंटेल आणि इतरांनी मिळून त्याच पायावर घरातल्या चित्र-संगीताचे नियम ठरवायला एक गट काढला, जो पुढे डीएलएनए म्हणून ओळखला जाऊ लागला. प्लेस्टेशन ३ बाजारात आला नोव्हेंबर २००६ मध्ये, आणि घरातले सर्व्हर शोधायची विद्या त्याला मे २००७ च्या सॉफ्टवेअरमधून मिळाली. म्हणजे यंत्र विकून झाल्यावर सहा महिन्यांनी त्याला हाक मारता येऊ लागली.

आता ओळख झाली, यादी मिळाली. खरी गंमत इथून पुढे आहे.

कन्सोलला माझी फाइल वाचताच येत नव्हती. व्हिडिओची फाइल म्हणजे डबा आणि भाजी अशा दोन गोष्टी असतात आणि आपण दोन्हींना एकच नाव देतो. एव्हीआय, एमकेव्ही हे डब्यांचे प्रकार. आत चित्र कुठल्या रीतीने दाबून बसवलं आहे ती भाजी. कधी कधी पाहुण्याला भाजी चालते, पण डब्याचं झाकण उघडत नाही. एमकेव्हीच्या बाबतीत प्लेस्टेशन ३ चं नेमकं हेच होतं. या डब्याचं पूर्ण नाव मात्रोस्का, एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांवरून ठेवलेलं. आतला सिनेमा पुष्कळदा कन्सोलला समजेल अशाच रीतीने दाबलेला असतो, फक्त डबा परका. अशा वेळी सर्व्हर भाजीला हात न लावता डबा बदलतो. नवा डबा दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी बनलेला : १८८-१८८ बाइट्सचे सारखे तुकडे, आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक. उपग्रहावरून येणारा कार्यक्रम प्रेक्षक अध्येमध्ये कधीही लावतो, म्हणून कुठल्याही तुकड्यापासून सूर धरता यावा अशी ती रचना. आतल्या खोलीतून हॉलमध्ये येणारा सिनेमा असा वाटेपुरता प्रक्षेपणाचा वेष घेतो. यात कॉम्प्युटरला फारसे कष्ट नाहीत.

आत्याच्या लग्नाला मात्र कष्ट होते. तिथे डबाही परका आणि भाजीही. शिवाय ती फाइल सेकंदाला जवळजवळ २९ मेगाबिट मागत होती, आणि आमच्या वायफायवर कागदोपत्री ५४ लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात २०-२५ च्या वर गाडी जात नसे. म्हणून सर्व्हरला लग्न कन्सोलच्या भाषेत बोलून दाखवावं लागलं, एका बाजूने ऐकत, दुसऱ्या बाजूने बोलत. परदेशी पाहुण्याच्या भाषणाच्या वेळी बाजूला दुभाष्या उभा असतो, तसं.

हे ओझं किती असतं याचा मी एकदा हिशोब मांडला. कॅसेटवरून उतरवलेलं प्रत्येक चित्र ७२० टिंबं रुंद आणि ५७६ टिंबं उंच. म्हणजे ४,१४,७२० टिंबं. प्रत्येक टिंबाला तीन रंगांचे तीन आकडे धरले तर एका चित्राला साडेबारा लाखांच्या आसपास आकडे. अशी सेकंदाला २५ चित्रं. तासाभराचं लग्न न दाबता ठेवलं असतं तर ११२ जीबी लागले असते. हल्लीच्या एचडी सिनेमाचं एकच चित्र सहा मेगाबाइटच्या वर जातं. ते न दाबता पाठवायचं म्हटलं, तर आमच्या वायफायच्या त्या कागदावरच्या वेगानेही सेकंदाला जेमतेम एक चित्र पोचलं असतं. सिनेमा कसला, स्लाइड शो.

हे दाबायचं कसं, या प्रश्नाच्या मुळाशी बंगळूरचा एक माणूस आहे. नासिर अहमद, जन्म १९४०, तिथल्याच विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६१ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेला गेले आणि कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी एका गणिती युक्तीवर काम करण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. कल्पना फारच साधी वाटली, असं अहमद यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. त्यांनी अनुदानाशिवाय काम चालू ठेवलं आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ च्या जानेवारीत ते छापलं. आज फोनमधल्या फोटोपासून डीव्हीडीपर्यंत जे जे दाबून साठवलेलं आपण पाहतो, त्यातल्या बहुतेकांत ती साधी युक्ती किंवा तिची भावंडं बसलेली आहेत.

युक्ती अशी. चित्राचे आठ बाय आठ टिंबांचे चौकोन पाडायचे. चौकोनातल्या ६४ टिंबांचा उजेड एकेक करून सांगण्याऐवजी, तो चौकोन ६४ ठरावीक नक्ष्यांचं मिश्रण आहे असं धरायचं. पहिली नक्षी सपाट, दुसरीत अंधारातून उजेडाकडे एकच हळुवार उतार, मग लाटा बारीक बारीक होत शेवटी चौकटीच्या लुगड्यासारखी दाट वीण. प्रत्येक नक्षी किती घ्यायची तेवढं लिहायचं. अजून आकडे ६४ च आहेत, काहीच वाचलेलं नाही. पण आता दिसतं की मांडवाच्या पांढऱ्या कापडाच्या चौकोनात पहिल्या एक-दोन नक्ष्या सोडल्या तर बाकीच्या जवळजवळ शून्य आहेत. शून्यं लिहायला जागा लागत नाही. आणि अगदी बारीक विणीत थोडी काटछाट केली तरी माणसाच्या डोळ्याला चट्कन कळत नाही. शालूच्या काठाला जास्त आकडे लागतात, मांडवाच्या कापडाला मोजके. खर्च जिथे नक्षी आहे तिथेच.

माझ्या फाइलमध्ये ही युक्ती आधीच वापरलेली होती, तरी ती तेरा जीबी का? कारण त्या रीतीत प्रत्येक चित्र शेजारच्या चित्राकडे न बघता एकटं दाबलेलं असतं. गुरुजी अंतरपाटापाशी पाच मिनिटं हलले नाहीत तरी त्यांना सेकंदाला २५ वेळा नव्याने काढायचं. दुभाष्याने त्याचं एमपीईजी-२ केलं, म्हणजे डीव्हीडीची भाषा. तिच्यात बारा-पंधरा चित्रांत एखादंच चित्र पूर्ण लिहितात. बाकीच्यांत नुसत्या सूचना : मागची भिंत तशीच, आत्याचा हात तीन टिंबं उजवीकडे, अक्षता पडतायत तेवढा भाग नवा. काही चित्रं तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांकडे बोट दाखवून लिहिलेली असतात. त्यासाठी पुढचं चित्र आधी पाठवावं लागतं आणि कन्सोल ते हातात धरून मधल्याची वाट बघतो. म्हणजे हॉलमध्ये आत्या हार घालायला वाकली होती, तेव्हा हार घातल्यानंतरचं चित्र टीव्हीखालच्या पेटीत येऊन थांबलेलं होतं.

या भाषांतरानंतर तासाचं लग्न दोन-अडीच जीबीच्या हिशोबाने वाहू लागलं. मात्र अट अशी की दुभाष्याने सेकंदाला २५ चित्रं उलगडून पुन्हा बांधली पाहिजेत. चोवीस झाली की कधी ना कधी चित्र अडखळणारच. म्हणून सर्व्हर थोडा पुढे पळून ठेवतो आणि कन्सोलही थोडा साठा जवळ बाळगतो. गच्चीवरच्या टाकीचंच तत्त्व : नगरपालिकेचं पाणी कधी धो धो, कधी करंगळीएवढं, पण मोरीतला नळ सारखा.

मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती यातल्या एका गोष्टीची. डिस्कवर तेरा जीबीचं लग्न आहे, पण सोफ्यावर बसून तिघींनी जे पाहिलं ते लग्न डिस्कवर नाही. कुठेच नाही. ते काही सेकंद आधी मेमरीत तयार होत होतं, हवेतून हॉलमध्ये जात होतं, दिसत होतं आणि पुसलं जात होतं. दुसऱ्यांदा लावलं तर दुसऱ्यांदा घडवावं लागणार.

त्यातून रिमोटवर पुढे पळवायचं बटण दाबलं की मोठा पेच. साध्या फाइलमध्ये कन्सोल सांगतो, मला अमुक बाइटपासून पुढचं दे. पण जी फाइल अजून जन्मलीच नाही तिचा अमुक बाइट कुठला? डीएलएनएच्या नियमांत यावर तोड आहे. कन्सोलने बाइट न मागता वेळ मागायची : चाळिसाव्या मिनिटापासून दे. दुभाष्या मूळ भाषणात चाळिसाव्या मिनिटापाशी उडी मारतो, तिथून बोलायला लागतो. आत्याने लगेच जेवणाच्या पंगती मागितल्या आणि दोन-तीन सेकंद काळोख होऊन पंगती आल्या. त्या दोन-तीन सेकंदांत काय काय झालं असेल याची तिला कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

प्रत्येक कन्सोलची खोड वेगळी. सर्व्हरकडे म्हणून एक वही असते, कोण काय खातो याची. कन्सोल फाइल मागताना स्वतःची ओळख सांगतो, त्यावरून सर्व्हर वहीतलं पान काढतो : प्लेस्टेशन ३ असेल तर हे चालेल, एक्सबॉक्स ३६० असेल तर ते. एक्सबॉक्सची तऱ्हा अशी की तो मायक्रोसॉफ्टच्या वळणाच्या सर्व्हरशिवाय इतरांना दारात उभं करत नसे. आलेला पाहुणा अधिकृत आहे ना, असा एक खास प्रश्न तो विचारायचा, आणि तो प्रश्न यूपीएनपीच्या मूळ नियमांत नाहीच. मग फुकटचे सर्व्हर लिहिणाऱ्यांनी बहुरूप्याचं सोंग आणलं. माहितीपत्रकात बनावटीचं नाव विंडोजवाल्यांचं लिहायचं, आणि अधिकृत आहेस का असं विचारलं की नेहमी ‘हो’ म्हणायचं. चाललं!

पण कन्सोलच का, हा प्रश्न रास्त आहे. त्या काळात टीव्हीला स्वतःचं डोकं नव्हतं, आणि टीव्हीच्या शेजारी असलेलं घरातलं सर्वांत ताकदवान यंत्र खेळाचं होतं. प्लेस्टेशन ३ तर सुरुवातीला सोनी तोटा सोसून विकत होती. हे सगळ्यात आधी ओळखलं ते कंपन्यांनी नव्हे, हौशी मंडळींनी. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये ७३३ मेगाहर्ट्झचा पेंटियमच्या जातीचा प्रोसेसर आणि अवघी ६४ मेगाबाइट मेमरी होती. कन्सोल उघडून, त्याचं कुलूप मोडून, त्यावर २००२-०३ मध्ये काहींनी स्वतःचा चित्रपट-वादक बसवला : एक्सबीएमसी. तो तयार करायला लागणारी मायक्रोसॉफ्टची साधनं खुली नसल्याने या मंडळींना नुसता कोडच वाटता येई, चालता प्रोग्रॅम नाही. २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. तोवर एक्सबॉक्सशी त्याचं नातं नावापुरतंच उरलं होतं. प्लेक्सही याच झाडाची फांदी.

पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला तो ही विद्या न घेताच. लोकांनी बोंब मारली, आणि २०१५ मध्ये सोनीने वेगळं अ‍ॅप देऊन ती परत केली. डीएलएनए ही संस्था २०१७ च्या सुरुवातीला बरखास्त झाली. चौक मात्र अजून गजबजलेला आहे. टीव्ही, प्रिंटर, राउटर अजून तिथेच हाका मारतात. तुमच्या घरातही आत्ता कुणी ना कुणी २३९.२५५.२५५.२५० वर ओरडत असण्याची दाट शक्यता आहे.

निरोप घेण्याचाही रिवाज या यंत्रांना आहे. सर्व्हर बंद होताना चौकात जाऊन ‘बायबाय’ म्हणतो. नियमात अक्षरशः हाच शब्द आहे. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. यंत्रांचं तसं नाही, ती गेलो तर गेलो असं सांगून जातात, आणि ते ऐकून कन्सोल यादीतून नाव काढतो. पण न सांगता गेलं तर? त्यासाठी प्रत्येक हजेरीवर मुदत लिहिलेली असते, निदान १८०० सेकंद ठेवावी असा दंडक. नवी हजेरी आली नाही तर मुदत संपेपर्यंत नाव राहतं.

त्या संध्याकाळी पंगती चालू असतानाच लाईट गेली. हॉल इन्व्हर्टरवर, राउटरही हॉलमध्येच. आतली खोली मात्र इन्व्हर्टरवर नव्हती. आतला पंखा थांबल्याचा आवाज आला. कॉम्प्युटर बायबाय न म्हणता गेला. टीव्हीवर आजी जिलबीचं ताट घेऊन पंगतीतून येतच होती, एकाला वाढली, दुसऱ्याला वाढली. “अरे, लाईट गेली ना? मग हे कसं चालू?” आईने विचारलं. मी तोंड उघडेपर्यंत आजी तिसऱ्या पानाशी वाकली आणि तिथेच थांबली.

मी मेन्यूत मागे आलो. ‘माळा’ यादीत तसाच होता.